दहा चिंचोके

इस्तारीभाऊला दिव्यानीने कामावरून काढलं नव्हतं, तक्त्याने काढलं होतं. चार महिने ती स्वतःला असंच समजावत होती, आणि हे समजावणं इतकं घोटून झालं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ती न अडखळता म्हणाली असती. पण एप्रिलातल्या त्या दुपारी कंपनीच्या गाडीने तिला फाट्यावर उतरवलं, धूळ उडवली आणि ती मूलकडे, तालुक्याच्या गावाकडे, निघून गेली. कोसमटोल्यापर्यंतचे दोन किलोमीटर पायी जायचे होते. समजावणं पहिल्या अर्ध्या किलोमीटरातच संपलं. उरलेला रस्ता तिला नुसताच चालावा लागला.

आधी ही गाडी फाट्यावर थांबत नसे. ती गावात यायची, थेट तलावाच्या पाळीपर्यंत. गाडी इस्तारीभाऊची. म्हणजे मालकी सोनझरी ट्रॅव्हल्सची, पण गावाला विचाराल तर इस्तारीभाऊची. सकाळी सहा-पाचला सुटायचा नियम होता आणि त्या वेळेला ती एकदाही सुटलेली कुणी पाहिली नव्हती. कारण तलावातलं जाळं घड्याळ बघून वर येत नाही. कधी सहाला येतं, कधी साडेसहाला, आणि मासोळी निवडून टोपल्यात भरेपर्यंत पुरुष ओरडतात, बाया त्यांच्यावर ओरडतात. इस्तारीभाऊ तेवढा वेळ इंजिन बंद करून पाळीवर बिडी ओढत बसायचा. शेवटची टोपली चढली की म्हणायचा, "आली का सारी? चला मंग." मूलच्या बाजारात कोसमटोल्याची मासोळी जिवंत पोचायची ती या अठरा-वीस मिनिटांच्या जिवावर.

आणि याच इस्तारीभाऊने बारावीच्या पहिल्या पेपरला एक अख्खी गाडी पंचवीस मिनिटं थांबवली होती, कारण ढिवराच्या सुगंधाबाईची पोरगी हॉल तिकीट घरी विसरून आली होती. गाडीतले लोक कुरकुरले. त्याने चावी काढून खिशात टाकली आणि बिडी पेटवली. ती पोरगी म्हणजे दिव्यानी. पुढे ती नागपूरला शिकली, एमबीए झाली आणि चंद्रपूरला त्याच कंपनीत नोकरीला लागली. इस्तारीभाऊने तेव्हा गाडीत पेढे वाटले होते, स्वतःच्या खर्चाने.

तक्ता आणला राजदीप सरांनी. सर दहा वर्षं एका विमान कंपनीत होते, प्रवाशांना काय आवडतं काय नाही ते मोजण्याच्या खात्यात. माणूस वाईट नव्हता. नम्र, नेटका, चहाच्या कपाखाली कागद ठेवणारा. त्यांची पद्धत अशी: प्रवाशाला आधी विचारायचं की तुला काय महत्त्वाचं. वेळ, सुरक्षितता, स्वच्छता, कर्मचाऱ्यांचं वागणं, सामान. कुणाला वेळ हवी, कुणाला सामान धड पोचायला हवं. त्यावरून प्रत्येक निकषाला वजन द्यायचं, मग प्रत्येक विमानाला गुण द्यायचे, गुणिले वजन, बेरीज, आणि लावायचा क्रम. विमानांना जे चालतं ते गाड्यांना का चालू नये, असं सरांचं म्हणणं. कंपनीचे तेवीस मार्ग होते. ज्या मार्गाचे प्रवासी ज्याला महत्त्व देतील, त्याच मापाने तो मार्ग तोलायचा. खालून पहिले तीन मार्ग नव्या वर्षापासून बदलायचे.

दिव्यानीला ही पद्धत मनापासून आवडली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदाच कुणीतरी खेड्यातल्या बाईला विचारणार होतं की तुला काय हवं. अडचण एकच, फॉर्म भरणार कोण? मग तिनेच युक्ती काढली. प्रत्येक निकषाचं चित्र काढायचं आणि बाईच्या हातात दहा चिंचोके द्यायचे. जे महत्त्वाचं, तिथे जास्त ठेव. सर खूश झाले. तिने सहावा निकषही सुचवला, "थांबणं", आणि त्याचं चित्र स्वतः काढलं: उघड्या दाराची गाडी आणि डोक्यावर टोपली घेऊन धावणारी बाई. सरांनी तोही घेतला. एकच नियम त्यांनी विमानातून तसाच उचलून आणला. दहाही चिंचोके एकाच चित्रावर असतील तर तो कागद बाद. "घाईत असलेला माणूस सगळं एकाच ठिकाणी ठोकतो," सर म्हणाले. "त्याला प्रश्न समजलेलाच नसतो."

कोसमटोल्याला ती नोव्हेंबरात स्वतः आली होती. पाळीवर सतरंजी टाकून बसली. पहिली आली रंभाबाई, दिव्यानीची मोठीमाय, तिच्या मेलेल्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. हिने सहाही चित्रं नीट पाहिली. वेळेच्या घड्याळावर बोट ठेवून विचारलं, हे काय. झाडूवर ठेवून विचारलं, हे काय. सगळं ऐकून घेतलं. मग धावणाऱ्या बाईच्या चित्रावर एक चिंचोका ठेवला. दुसरा ठेवला. असे दहा. आणि शेवटी ते दहाही तळहाताने हलकेच दाबले, भाकरी थापल्यासारखे. घाई नावालाही नव्हती.

तिच्यामागे बाया आल्या, पुरुष आले, आणि एकामागून एक तेच.

एकूण कागद एकेचाळीस. त्यांतले चौतीस बाद.

उरले सात. शाळेचे दोन गुरुजी, दवाखान्यातली नर्स, कॉलेजची पोरं. त्यांना वेळ हवी होती आणि मासोळीचा वास नको होता. त्यात त्यांचं तरी काय चुकलं? पण त्या सात कागदांवरून "थांबण्या"ला शंभरातले तीन वजन मिळालं, आणि वेळेला पन्नास. इस्तारीभाऊची गाडी रोज उशिरा. स्वच्छतेत शून्य. कोसमटोला मार्ग तेविसात तेविसावा.

आता खरी गोष्ट, जी दिव्यानीने कुणालाच सांगितली नव्हती. डिसेंबरातल्या एका दुपारी, ऑफिस जेवायला गेलं असताना, तिने चौतीस कागद परत घालून तक्ता पुन्हा चालवला होता. कोसमटोला तिसरा आला. वरून तिसरा. पडद्यावर दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी होती. सरांना जाऊन एवढंच म्हणायचं होतं की सर, या लोकांना प्रश्न समजला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तिची नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती. गाव तिचं, तलाव तिचा, पहिला कागद तिच्या मोठीमायचा. सर म्हणाले असते, दिव्यानी, तुमचं गाव आहे म्हणून का? ही एवढी एक ओळ ऐकायची तिला भीती वाटली. तिने दुसरं उत्तर पुसलं, पहिलं पाठवलं आणि डबा उघडून जेवली. जेवली, हे तिला नंतर फार लागलं.

जानेवारीपासून गाडी फाट्यावरून सुटू लागली, ठोक्याला सहा-पाचला. उघडी टोपली आत घ्यायची बंदी. इस्तारीभाऊचा करार पुन्हा झाला नाही. मासोळी आता पाळीवरच मोटारसायकलवाल्या व्यापाऱ्याला द्यावी लागे, तो म्हणेल त्या भावात, आणि बायांचा मूलचा बाजार सुटला.

दिव्यानी दोन दिवसांची रजा टाकून आली होती. माय म्हणाली, "वारली किती तू." पोरगी वाळली, याचं कारण मायला जेवणाची आबाळ वाटली, म्हणून तिने झिंग्यांची भाजी केली. लेकीने दोन घास खाऊन ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मायसोबत तलावावर गेली. उन्हाळ्याने पाणी आत सरकलं होतं, जाळं जड आलं. रोहू, कतला, दोन मरळ. पाळीवर मासोळी ओतली आणि रंभाबाई वाटे घालायला बसली. हे काम तिचंच. कोसमटोल्याच्या ढिवरांत वाटे घालायची एक रीत आहे: पहिला ढीग न आलेल्याचा. ज्याच्या घरी आजार, बाळंतपण, मयत, ज्याला जाळ्याला हात लावता आला नाही, त्याचा ढीग आधी पडतो, मग बाकीच्यांचे. त्यावर कुणी भांडत नाही. दिव्यानीचा बाप गेला त्या वर्षभर पहिला ढीग सुगंधाबाईचा असायचा. दिव्यानीची हाडं त्या ढिगावर वाढली होती.

रंभाबाईने पहिला ढीग घातला. एक मरळ उचलून त्याच्यावर ठेवली.

"हा कोनाचा?" दिव्यानीने विचारलं.

"इस्तारीचा," रंभाबाई म्हणाली. "जानेवारीपासून त्याचाच पडते."

"पण इस्तारीभाऊ मासेमारी संस्थेत नाही. ढिवर पण नाही."

"मंग? आमची मासोळी गाडीत चढेपर्यंत तो कोन होता, ढिवर होता?" बाया हसल्या. रंभाबाई हसली नाही. हातातली कतला तशीच धरून दिव्यानीकडे बघू लागली. "पोरी, तू तं कंपनीत हायेस. एक इचारू का? आमचे कागद तुया सायबापर्यंत पोचलेच नसन का?"

"पोचले, मोठीमाय."

"मंग आमचंच काई चुकलं. मी रोज इचार करतो. सारे एका जागी ठेवले, म्हून त्याईले दिसले नसन? का कमी पडले? तू दहाच देलते, पोरी. अजून असते तं अजून ठेवले असते."

दिव्यानीला वाटलं, पाळ फुटावी आणि तलावाने आपल्याला घेऊन जावं. पण एप्रिलातल्या तलावात गुडघाभर पाणी, तो कुणाला घेऊन जाणार? रंभाबाईने तो पहिला ढीग टोपलीत भरून तिच्या हातात दिला. "जा, देऊन ये त्याले. तू गेली तं खूश होईन."

इस्तारीभाऊचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो आता कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर मुरूम टाकायला जात होता. त्या दिवशी गुडघा सुजला म्हणून अंगणातल्या खाटेवर बसला होता. तिला बघून तो उठायला लागला, तेव्हा ती जवळजवळ ओरडली, "बसा, भाऊ, बसा." टोपली तिने खाली ठेवली. आणि मग, आत येताना ठरवलेलं काहीच न बोलता, एका दमात सगळं सांगून टाकलं. बाद कागद. दोन उत्तरं. पुसलेलं उत्तर. डबासुद्धा.

इस्तारीभाऊने ऐकून घेतलं. टोपलीतली मरळ उलटसुलट करून बघितली.

"मले जे पत्र आलं ना," तो म्हणाला, "त्याच्यासंगं तो तक्ता होता. खाली तुयी सही."

त्याने मरळ परत टोपलीत ठेवली.

"पयले वाटलं, दुसरी कोनी दिव्यानी असन. मंग आडनाव पाह्यलं."

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कोनाले सांगू? तुया मायले याच बायाईसंगं जाळ्यावर उभं राहा लागते." त्याने गुडघा चोळला. "राग आला होता. नाई कसा येईन? पेढे आठवले तं लय आला. अजून बी हाये."

"मग मला रागवा ना, भाऊ."

"काऊन? तू रडशीन, मोकळी होशीन, अन् चंद्रपूरले जाशीन. माहं काय?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मले काऊन सांगून राह्यली तू? मले तं मालूम होतं. त्याईले सांग. ते चार महिन्यांपासून आपल्याच डोक्याले दोष देऊन राह्यले." मग त्याने टोपली स्वतःकडे ओढली. "मासोळी राहू दे. मासोळीनं काई केलं नाई."

ती परत आली. पाळीवर वाटे होऊन गेले होते, पण व्यापारी अजून यायचा होता, म्हणून बाया आपापल्या ढिगाशी बसून होत्या. दिव्यानी त्यांच्यासमोर उभी राहिली. बसून सांगायची तिची हिंमत नव्हती. बसलं की माणूस आपला होतो.

तिने सांगितलं. दहाही एका ठिकाणी असले की कागद बाद करायचा नियम होता. तुमचे चौतीस मी माझ्या हाताने बाजूला काढले. तुम्हाला समजलं होतं हे मला ठाऊक होतं. ते कागद धरले तर आपली गाडी वरून तिसरी येत होती, हेही मी पाहिलं होतं. मी बोलले नाही, कारण मला माझी नोकरी पक्की करायची होती.

पहिल्यांदा हलली सुगंधाबाई. तिने आपला ढीग दोन्ही हातांनी पुढे लोटला, मधल्या मोकळ्या जागेत, जिथून वाटे पडतात तिथे. हात पदराला पुसले आणि ती पाण्याकडे तोंड करून बसली. लेकीकडे तिने पाहिलं नाही. दिव्यानीच्या डोळ्यांदेखत मायने आजवर कधी कुणाची मासोळी नाकारली नव्हती, आणि स्वतःची तर नाहीच.

"म्हंजे," रंभाबाई सावकाश म्हणाली, "मी बरोबर ठेवले होते?"

"हो, मोठीमाय."

"मले समजलं होतं?"

"पूर्ण समजलं होतं."

"अन् तुले मालूम होतं का मले समजलं?"

"हो."

रंभाबाईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत दिव्यानी उभी होती, पण तिथे आधी सुटकाच दिसली, आणि ती बघवत नव्हती. एवढं म्हातारं माणूस चार महिने स्वतःला अडाणी ठरवून जगलं होतं.

नेट पाळीच्या टोकाला, सिंदीच्या झाडाजवळ येतं. दिव्यानी तिथे गेली आणि उभ्याउभ्या फोनवरून सरांना लिहिलं. चौतीस कागद, दोन्ही क्रम, आणि मी हे जाणूनबुजून दडवलं, हे वाक्य. हे वाक्य तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. अर्ध्या तासाने सरांचा फोन आला.

"दिव्यानी, हे लिहिण्याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?"

"हो, सर."

"मला वाईट वाटतंय. तेव्हा आल्या असतात तर मी ऐकलं असतं." त्यांनी खरंच ऐकलं असतं, हे तिला त्या क्षणी पटलं आणि त्यानेच ती जास्त खचली. "मी असं करतो. त्या मार्गाची पाहणी नव्याने लावतो, पुढच्या आठवड्यात. तुम्ही त्यात नसाल, दुसरं कुणी येईल. तुमच्याबद्दल व्यवस्थापन ठरवेल. पण बाद कागद मला परत धरता येणार नाहीत. नियम तेवीसही मार्गांना सारखाच होता. त्यांना सांगा, या वेळी नीट भरा."

नीट भरा. तिने फोन खिशात टाकला आणि परत जाऊन जसंच्या तसं सांगितलं. पुन्हा विचारायला येतील. मी नसेन. दहाही एका ठिकाणी ठेवले तर पुन्हा बाद होतील.

"इस्तारीची गाडी येईन का?" कुणीतरी विचारलं.

"सांगता येत नाही. पण या वेळी मोजतील."

रंभाबाई उठली. पाळीवरच्या चिंचेखाली गेल्या सालच्या शेंगा पडल्या होत्या. तिने चार-पाच फोडून चिंचोके काढले, मोजून दहा घेतले आणि दिव्यानीसमोर येऊन बसली. "काढ चित्रं," ती म्हणाली. "एक डाव करून पाहतो."

दिव्यानीने काडीने मातीत सहा चित्रं काढली. घड्याळ, झाडू, आणि शेवटी टोपलीवाली बाई. बाई वाकडी आली. रंभाबाईने त्या वाकड्या बाईवर एकेक करत नऊ चिंचोके ठेवले. दहावा बोटांत धरून ती बराच वेळ बसली. सुगंधाबाईसुद्धा मान वळवून बघू लागली. मग रंभाबाईने तो झाडूवर ठेवला, आणि पटकन हात काढून घेतला.

"आता तं म्हनतीन ना, का बाईले समजलं?"

दिव्यानीला राहवलं नाही. तिने पुढे वाकून तो झाडूवरचा चिंचोका उचलला, बाकीच्या नवांजवळ ठेवायला. रंभाबाईने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं नव्हतं, पण धरलं. दुसऱ्या हाताने तिच्या बोटांतून चिंचोका काढून घेतला आणि परत झाडूवर ठेवला.

"राहू दे, पोरी," ती म्हणाली. "तुया भरवशावर एकडाव दहा ठेवले होते."